वीजतंत्र्याचे शिक्षण : खर्च किती, मिळकत किती?



दहावीचा निकाल लागतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर. बी-बियाणे, खते यांची जुळवाजुळव चाललेली असते, आणि त्यातच घरातला मुलगा म्हणतो, "आबा, मला आयटीआयला जायचंय. वीजतंत्रीला नंबर लागेल, असं सर म्हणतात." आबा खुरपे खाली ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पैसं किती पडतील?"

प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. पुरा प्रश्न असा की, पैसे किती जातील, ते किती दिवसांनी परत येतील, आणि येतीलच हे कशावरून? विहीर खणताना आपण हे तिन्ही विचारतो. पाणाड्याला बोलावतो, शेजारच्या विहिरीचे पाणी पाहतो, मगच सुरुंग लावतो. मुलाच्या शिक्षणाची वेळ आली की मात्र आपण एक तर डोळे मिटून कर्ज काढतो, नाही तर खर्चाला भिऊन मुलाला घरी बसवतो. दोन्हींत नुकसान आहे. म्हणून आज आपण वहीपेन्सिल घेऊन या शिक्षणाचा जमाखर्च मांडून पाहू.

आधी हे शिक्षण आहे तरी काय, ते पाहू. केंद्र सरकारने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. त्या योजनेतून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यांनाच आपण आयटीआय म्हणतो. महाराष्ट्रात शासनाच्याच अशा संस्था चारशेच्या वर आहेत, त्यामुळे बहुतेक तालुक्यांना ती सोय झाली आहे. खाजगी संस्था निराळ्या. विजेच्या कामाचे दोन प्रमुख अभ्यासक्रम तिथे असतात : एक वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, आणि दुसरा तारतंत्री, म्हणजे वायरमन. दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास असावे लागते आणि प्रवेश गुणांवर होतो.

पहिल्या वर्षी तारा जोडणे, घरातले वायरिंग, अर्थिंग, बॅटरी, मोजमापाची उपकरणे अशी कामे शिकवतात. दुसऱ्या वर्षी मोटारी आणि जनित्रे, मोटारीच्या गुंडाळ्या भरणे, कारखान्यातील नियंत्रण-पेट्या, इन्व्हर्टर आणि सौरविजेची ओळख असा क्रम असतो. परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत साधारण वर्षभर शिकाऊ उमेदवारी करता येते. त्या काळात विद्यावेतन मिळते.

आता खर्चाकडे वळू. एक घर डोळ्यांपुढे आणा. तीन एकर कोरडवाहू, एक दुभती म्हैस, दहावी पास झालेला मुलगा. तालुक्याची शासकीय संस्था वीस किलोमीटरवर. पुढचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, तेव्हा ते घालून तुम्ही हाच हिशेब पुन्हा करा.

संस्थेची फी, परीक्षा आणि इतर किरकोळ मिळून वर्षाला ४,००० रुपये धरू. एसटीच्या विद्यार्थी पासात सवलत असते, तरी पास आणि फाट्यापर्यंतचे जाणे-येणे मिळून महिना ६०० रुपये धरू. अकरा महिन्यांचे झाले ६,६००. डबा घरचा असला तरी चहापाणी, झेरॉक्स, मोबाइलचा खर्च महिना ५०० म्हणजे वर्षाला ५,५००. एका वर्षाची बेरीज १६,१०० आणि दोन वर्षांची ३२,२००. शिवाय गणवेश, बूट, पुस्तके, पक्कड, टेस्टर, पेचकस यांना मिळून ६,०००. झाले ३८,२००. दुखणेखुपणे, अर्जफाटे धरून आपण सरळ ४०,००० म्हणू.

इथे बहुतेकांचा हिशेब संपतो. पण खरा खर्च याहून मोठा आहे. तो खिशातून जात नाही, म्हणून दिसत नाही. मुलगा शाळेत न जाता घरी राहिला असता, तर शेतात राबला असता आणि चार दिवस दुसऱ्याच्या बांधावरही गेला असता. वर्षात १२० दिवसांचे काम, रोज ३०० रुपये, असे धरले तर वर्षाचे ३६,००० आणि दोन वर्षांचे ७२,००० रुपये होतात. ही बुडालेली मजुरीसुद्धा शिक्षणाचा खर्चच आहे. म्हणजे ४०,००० आणि ७२,००० मिळून १,१२,००० झाले.

तिसरे वर्ष शिकाऊ उमेदवारीचे. २०१९ साली शिकाऊ उमेदवारांच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिने आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवले. ते पुढे वाढले तर चांगलेच, पण हिशेबाला आपण सातच हजार धरू. वर्षाचे ८४,०००. पण कारखाना शहरात असतो. खोलीचा वाटा, खाणावळ, बसभाडे यांना महिना ६,००० लागले, तर ७२,००० तिथेच जातील. हातात उरले १२,०००. एव्हाना मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा बाप्या गडी झालेला असतो. गावी राहून १५० दिवस, रोज ४०० प्रमाणे, त्याने ६०,००० मिळवले असते. म्हणजे या वर्षाची तूट ४८,०००. एकूण गुंतवणूक झाली १,६०,००० रुपये.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, चाळीस हजारांचे एकदम एक लाख साठ हजार केलेत. असे सांगून तर कोणी पोराला पाठवायचाच नाही!" तसे नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची कामे वेगळी आहेत. ४०,००० हा रोखीचा आकडा. पैशाची सोय करायची ती एवढ्याचीच. १,६०,००० हा नफ्यातोट्याचा आकडा. हे शिक्षण फळाला आले की नाही, ते ठरवायचे या आकड्यावरून. या दोहोंची गल्लत झाली की माणूस चुकतो.

कसा चुकतो, ते पाहा. खर्चाच्या धास्तीने पुष्कळ घरांत म्हैस विकायचा विचार निघतो. रोखीचा खर्च दोन वर्षांत ४०,०००, म्हणजे महिन्याला सरासरी १,७०० रुपयांच्या आत. म्हशीचे चारा-पेंड वजा जाता महिना ३,००० रुपये सुटत असतील, तर त्यातूनच शिक्षण भागते आणि म्हैस दावणीला राहते. ती विकली, तर पैसे एकरकमी दिसतील, पण दर महिन्याची मिळकत कायमची जाईल. भाकड काळ येईल, तेव्हा काही महिने ओढाताण होईल हे खरे. पण ती ओढाताण म्हैस नसण्यापेक्षा बरी. जमीन गहाण टाकण्याचा तर इथे प्रश्नच येत नाही.

चूक होते ती दुसऱ्याच ठिकाणी. शासकीय संस्थेत नंबर लागला नाही, की खाजगी संस्थेचा रस्ता धरला जातो. तिथे वर्षाला ३०,००० घेतले असे धरू. शासकीयपेक्षा २६,००० जास्त, दोन वर्षांचे ५२,०००. ही रक्कम सुरुवातीलाच सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलली, तर महिन्याचे व्याज १,५६० रुपये. मुलाच्या हातात पहिला पगार पडायला तीन वर्षे लागणार. छत्तीस महिन्यांचे नुसते सरळ व्याजच ५६,१६० होते. मुद्दलापेक्षा व्याज मोठे! मुलगा अजून एक दिवस कामाला गेलेला नाही आणि घरावर लाखाचा बोजा चढला. खाजगी संस्था सगळ्या वाईट नसतात, काही फार चांगल्या आहेत. पण तिथे घालायचा असेल तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाची, शिष्यवृत्तीची आणि फी-सवलतीची चौकशी आधी करावी. सावकाराचा उंबरा शेवटीसुद्धा चढू नये. एक वर्ष थांबून पुन्हा शासकीय संस्थेला अर्ज करणे, किंवा वीजतंत्रीऐवजी तारतंत्रीला जाणे, यात कमीपणा नाही.

खर्च झाला, आता मिळकत पाहू. वीजतंत्र्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट शहरातल्या कारखान्याची किंवा कंत्राटदाराची. सुरुवातीला महिना १४,००० मिळाले असे धरू. वर्षाचे १,६८,०००. शहरात राहण्याखाण्याला महिना ७,००० म्हणजे ८४,०००. उरले ८४,०००. गावी मजुरीत ६०,००० मिळालेच असते, म्हणून शिक्षणाचा खरा फायदा वर्षाला फक्त २४,०००. या चालीने १,६०,००० फिटायला सहा वर्षे आठ महिने लागतील. ऐकायला जड वाटते. पण हाच पगार १८,००० झाला आणि खर्च तेवढाच ठेवला, तर फायदा २४,००० वरून ७२,००० वर जातो. पगार चार हजारांनी वाढला आणि फायदा तिप्पट झाला! म्हणून नोकरी धरताना पहिल्या पगारापेक्षा तिथे काय शिकायला मिळेल, हे विचारावे. नुसते बल्ब बदलण्याचे चौदा हजार आणि नियंत्रण-पेटी दुरुस्त करायला शिकवणारे बारा हजार, यांत दुसरे भारी.

दुसरी वाट वीज कंपनीची. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरणकडे आले. २०२३ च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात दिली. तीत पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० असे मानधन होते. तीन वर्षे नीट काम केले, की नियमित तंत्रज्ञ होण्याची वाट असते. वाट चांगलीच आहे. पण अर्ज करणारे असंख्य आणि जाहिरात केव्हा निघेल ते आपल्या हाती नाही. विहिरीला पाणी लागणारच, असे धरून कोणी आधी उसाची लावण करीत नाही. तसेच ही नोकरी हिशेबात धरू नये. लागली तर देवाची कृपा म्हणावी.

तिसरी वाट आपल्याच गावची, आणि तिच्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. दहा-बारा गावांच्या टापूत घरांचे वायरिंग आहे, पिठाच्या गिरण्या आहेत, पाणीपुरवठ्याचे पंप आहेत, शेतीच्या मोटारी आहेत. एक फेज गेला आणि मोटार तशीच चालत राहिली, की गुंडाळी जळते. पीक पाण्यावर आलेले असते तेव्हा शेतकरी मोटार घेऊन तालुक्याला धावतो आणि दोन दिवस रांगेत बसतो. ते काम गावात झाले, तर त्याचे पीक वाचते आणि तुमच्या मुलाला धंदा मिळतो.

याचाही हिशेब करू. हत्यारे, मल्टिमीटर, इन्सुलेशन तपासण्याचे मेगर, ड्रिल यांना ३०,००० भांडवल. पहिले वर्ष ओळखी होण्यात जाते, म्हणून पेट्रोल आणि सामान वजा जाता महिना ६,००० धरू. वर्षाचे ७२,००० म्हणजे मजुरीपेक्षा फक्त १२,००० जास्त. तेव्हा फेडायचे राहिले १,६०,००० अधिक ३०,००० उणे १२,०००, म्हणजे १,७८,०००. दुसऱ्या वर्षापासून महिना १२,००० सुटले, तर वर्षाचे १,४४,०००. मजुरीचे ६०,००० वजा करता फायदा ८४,०००. दोन वर्षे दीड महिन्यात सगळी रक्कम फिटते. पहिले वर्ष धरून सव्वातीन वर्षेही नाहीत. पाहा, शहरातल्या चौदा हजारांपेक्षा गावातले बारा हजार मोठे ठरले, कारण गावात खोलीभाडे नाही आणि खाणावळ नाही. पुढे मजुरीचे दर वाढतील, तशी त्याची मजुरीही वाढेल.

पण या वाटेला दोन काटे आहेत. पहिला उधारीचा. "सुगीवर देतो रे," असे आपणच म्हणतो. वरचे बारा हजार म्हणजे हातात आलेले बारा हजार, वहीत लिहिलेले नव्हेत. पन्नास घरी उधारी थकली, तर शिकलेला मुलगा शहराची एसटी पकडतो आणि गावाला पुन्हा तालुक्याच्या रांगेत बसावे लागते. गावात कारागीर राहावा असे वाटत असेल, तर त्याची मजुरी वेळेवर द्यायला हवी.

दुसरा काटा परवान्याचा. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराने आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, असा नियम १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आलेला आहे आणि २०२३ च्या नव्या सुरक्षा विनियमांतही तो कायम आहे. नव्या वीजजोडणीला चाचणी अहवाल लागतो, तो अशाच परवानाधारकाचा. म्हणून आयटीआय झाल्यावर राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याकडे तारतंत्री परवान्यासाठी अर्ज करायला मुलाला सांगावे. परवाना नसलेला कारागीर कायम दुसऱ्याच्या हाताखाली आणि अर्ध्या मजुरीवर राहतो.

सौरविजेने धंद्याचे रूप पालटते आहे, हेही ध्यानात घ्या. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ ची. हे पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते, म्हणून त्यांची दुरुस्ती लगेच गावच्या कारागिराकडे येणार नाही. पण बसवण्याचे काम आज आहे आणि दुरुस्तीचे उद्या येईल. तेव्हा सौरविजेचा भाग परीक्षेपुरता न शिकता हाताने शिकावा. आणखी पुढे शिकण्याची हौस असेल, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे इथे गेलेली वर्षे फुकट जात नाहीत.

प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस मोडून बापाने मुलासह संस्थेत जाऊन यावे. इमारत रंगवलेली आहे की नाही, हे पाहू नये. कार्यशाळेत मोटारी किती आणि मुले किती, हे पाहावे. मुलांच्या हातात पक्कड आहे, की ती फळ्यावरचे उतरून घेत आहेत? शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का? वीजतंत्रीच्या तुकडीला राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का? ही मान्यता नसेल, तर दोन वर्षांनी मिळणारा कागद नोकरीला चालणार नाही. शेवटी, मागच्या दोन वर्षांत पास झालेली चार मुले गाठून विचारावे, "आता काय करतोस? काय मिळतं?" पाणाड्यापेक्षा शेजारची विहीर खरे सांगते.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. नववी-दहावीच्या वर्गात हा जमाखर्च फळ्यावर मांडा. पाच अश्वशक्तीची मोटार घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून पाचाचे ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर ती सुमारे ४,६६० वॅट वीज घेते. सहा तास चालली की जवळजवळ २८ युनिट झाले. ज्या मुलाला हे गणित आवडले आणि हाताने खोलून पाहायची खोड आहे, तो या धंद्यात टिकेल. गुण कमी पडले म्हणून ढकललेला मुलगा टिकेलच असे नाही. आणि मुलींनाही हे सांगा. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात. मोटारीची गुंडाळी भरणे, नियंत्रण-पेटी जोडणे ही नजरेची आणि बोटांची कामे आहेत. मुलीने ती करू नयेत, असे कोणत्या नियमात आहे?

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ती कुठल्याच वहीत मांडता येत नाही. वीज चुकीला क्षमा करत नाही. पावसाळ्यात डीपीवर फ्यूज गेला, की गावातली माणसे म्हणतात, "अरे, तू आयटीआय शिकलायस ना? चढ की वर. दोनशे रुपये देतो." मुलगा भिडेला पडतो आणि चढतो. बंधूंनो, खांबावर चढण्याचा अधिकार वीज कंपनीने नेमलेल्या माणसाचा, तोही पुरवठा बंद करून, तारा भुईशी जोडून, हातमोजे घालून. दोनशे रुपयांसाठी चढलेला मुलगा खाली आला नाही, तर वरचे सगळे हिशेब कुणासाठी केले? शिकलेल्या मुलाने "नाही" म्हणायला शिकावे, आणि आपण त्याला चढ म्हणू नये. वीजतंत्र्याच्या शिक्षणातला हा पहिला धडा आहे, आणि तो साऱ्या गावाने शिकायचा आहे.

तेव्हा आबांनी मुलाला सांगायचे ते असे : "पैसं किती पडतील, ते कळलं. म्हैस विकायची नाही, सावकाराकडं जायचं नाही. उद्या संस्था बघून येऊ. मन लावून शिकणार असशील, तर दोन वर्षं मी एकट्यानं पेरणी करीन." हा हिशेब पटला, तर पेरणीची घाई आवरून प्रवेशाच्या अर्जाची तारीख तेवढी चुकवू नका.